माळढोक आणि काळवीट एकाच पंगतीत कशाला?

नान्नजचा शेतकरी: परवा सकाळी रानात गेलो तर ज्वारीच्या मधल्या चार ओळी आडव्या. खुरांचे ठसे ओलेच होते. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर तेही वाळले. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्यानं अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, माळढोक पक्षीही तिथंच. पण कुठला जीव किती धोक्यात ते सांगणारी जागतिक लाल यादी बघा. माळढोक 2011 पासून 'अतिसंकटग्रस्त', देशात उरलेत दीडशेच्या आसपास. काळवीट 2017 च्या नोंदीत सगळ्यात निवांत गटात. मग दोघांना मान सारखाच का?

गवताळ: ज्वारीचं वाईट वाटलं. पण ती यादी जगाची, कायदा आपल्या देशाचा. काळवीट निवांत गटात आला तो या कायद्यामुळंच. पाकिस्तानात बघा, रानातला काळवीट पार संपला, नंतर बाहेरून आणून बंदिस्त जागेत पाळावा लागला. औषधानं ताप उतरला म्हणून लगेच औषध बंद करता का?

नान्नजचा शेतकरी: औषध त्याला आणि बिल मला!

पक्षीवेडा: मधे बोलतो. दोघांचीही नावं फसवी आहेत. काळवीटाला आपण हरीण म्हणतो, पण तो गाय-शेळीच्या कुळातला. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, याची पिळाची शिंगं जन्मभर राहतात. माळढोक हा 'ढोक' नाही, करकोच्याशी त्याचं नातं नाही. पूर्वी त्याला क्रौंचांच्या गणात धरायचे, आता त्याच्या कुळाचा गणच वेगळा. पायाला मागचं बोट नाही, त्यामुळं फांदी पकडता येत नाही. सगळा संसार जमिनीवर, अंडं बहुधा एकच. ते कुत्र्यानं खाल्लं की वर्ष गेलं.

गवताळ: म्हणजे माळ राखला की दोघंही राखले.

पक्षीवेडा: इथंच तुमचं चुकतंय. काळवीट माळावर चरतो, पिकातही भागवतो. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. अनुसूची एक असली तरी दुखणी दोन. 1979 मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं, लोकांची शेतं-गावं सगळी आत. पुढं ते 1,222 वर आणलं. कागदावर माळ आखून पक्षी थांबला का?

नान्नजचा शेतकरी: हे मात्र पटलं. पण भरपाईचं काय, ते कुणीच बोलेना. हुरड्याला या सगळे. काळवीटाचा कळप बांधावरूनच दाखवतो. माळढोकाची हमी देत नाही.