नाट्यपुरस्कारांची नामांकनं ठरवणाऱ्या परीक्षकांनी कशेडी घाटाच्या अलीकडे, कोकणात यायला हवं की नको?

सड्यावरचा प्रेक्षक, रत्नागिरी

नाट्यपुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की आमच्या नाटकवेड्या मंडळींत यादी फिरायला लागते. उत्कृष्ट नाटक, दिग्दर्शन, लेखन, नेपथ्य, प्रकाशयोजना, अभिनय. शेजारी नव्या नाटकांच्या शुभारंभाच्या जाहिराती: शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, बालगंधर्व. वाचताना दरवेळी वाटतं की पनवेलच्या खाली जणू रंगभूमीच नाही. शुभारंभ तिकडे, परीक्षक तिकडे. नाटक आमच्याकडे येतं तोवर गुळगुळीत झालेलं असतं, कधी मूळ संचातला नटही बदललेला असतो.

माझी मागणी अशी. ज्या नाटकाला पुरस्काराच्या शर्यतीत उतरायचंय, त्याच्या पहिल्या पंचवीस प्रयोगांतला एक तरी रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात नाहीतर मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात व्हावा आणि परीक्षकांनी तो आमच्यात बसून पाहावा. आणि दशावतारातला नट ‘लोककला’ म्हणून बाजूला न काढता अभिनयाच्या मुख्य यादीत यावा.

हे मी मेहेरबानी म्हणून मागत नाही. नाटककार मामा वरेरकर १८८३ साली चिपळूणला जन्मले. गिरणगावातली कामगार रंगभूमी उभी करण्यात कोकणातून गेलेल्या माणसांचा केवढा वाटा! १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली व्यावसायिक रंगमंचावर नेली आणि त्या नाटकाने पाच हजारांवर प्रयोग केले. तेही गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकाची धांदल दाखवणारं नाटक. नट इथून गेले, विषय इथून गेले. नाटक कसं झालंय हे ठरवताना मात्र इथला प्रेक्षक मोजायचा नाही, हे मला पटत नाही.

दौरा व्यवस्थापक

भावना समजते, पण व्यवहार सांगतो. पहिले पंधरा-वीस प्रयोग म्हणजे नाटकाची घडण असते. लेखक-दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसून कुठे लांबतंय, कुठला हशा पडत नाही ते टिपतात, दुसऱ्या दिवशी तालीम लागते, एखादा प्रवेश निम्मा होतो. यासाठी सगळे एका शहरात हवेत. आजचे बहुतेक नट आठवडाभर मालिकांच्या चित्रीकरणात, आणि ती मुंबई-ठाण्याकडे. शनिवार-रविवार तेवढे हातात. रत्नागिरी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, मालवण पाचशेच्या आसपास. सेटचा टेम्पो आदल्या रात्री निघणार, बस पहाटे. एका प्रयोगासाठी दोन दिवस गेले, नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मात्र एकच.

म्हणून कोकणात प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर होतात. स्थानिक मंडळ ठरलेली रक्कम देतं, तिकिटं तेच विकतं, तोटा झाला तर तोही त्यांचाच. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, जमलं तर पुढे गोवा अशी साखळी लागली तरच दौरा परवडतो. नवं, चाललेलं-न चाललेलं कळायच्या आत कोणतं मंडळ एवढी जोखीम घेईल? तुम्ही सक्ती केलीत तर मोठ्या बॅनरची नाटकं कसंबसं निभावून नेतील आणि छोटा निर्माता, ज्याच्याकडे नाव असलेला एकही नट नाही, तो स्पर्धेतूनच बाद होईल.

पायपेटी, वेंगुर्ला

दादानू, तुमचो कळवळो माका समाजता. पण आमका दशावतारवाल्यांका त्या यादीत घालू नकात.

आमचा नाटक लिवलेला नसता. देवळाकडे पोचल्यार आख्यान ठरता. राजा कोण, राक्षस कोण, राणी कोण, ता रंग लावताना ठरता. संवाद उभो रवल्यारच सुचतत. समोरच्यान सवाल चढो टाकल्यान तर माझ्या गड्याचा काम चढता, तो पडलो तर हो पण पडता. आज मोचेमाडाक बघितलास ता काम उद्या वालावलीक तसाच दिसाचा नाय. मगे एका रातीच्या कामार नामांकन कसा देतलास? आणि पायपेटी, मृदंग, झांज नि एक बाकडो, ह्योच आमचो सगळो संसार. तुमच्या नेपथ्याच्या रकान्यात आमका काय मिळतला?

आधीच हॉलातल्या स्पर्धांनी दोन-अडीच तासांची वेळ घातली, तेवा पयलो कापलो गेलो तो आडदशावतार, आख्यानाच्या आधीचो भाग. संकासूर गेलो, भटजी गेलो, थेट आख्यानाक सुरवात. आणि वर ट्रिकसीन होये. जत्रेत आमी मध्यरातीक गणपती नाचवतो आणि सकाळी दहीकालो करून उठतो. गुण कोणाक होये म्हणून आमी आमचो देव कापूचो काय?

चिपळूणची नाट्यप्रेमी

भाऊ, तुमच्या कलेबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करते. यादीत नाव येणं हा मिरवण्याचा विषय नाही. सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. तिथे अर्ज करताना आयुष्यभर काम केल्याचा पुरावा जोडावा लागतो: प्रमाणपत्रं, कात्रणं. तीस-चाळीस वर्षं स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची कामं, केलेल्या माणसाकडे कागद काय असतो? गावाने दिलेला नारळ आणि टाळ्या. त्याने स्पर्धेपासून दूरच राहावं म्हणताना त्याच्या म्हातारपणाचा विचार कोण करणार?

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या ज्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यांनाही त्यानंतर ठाकर समाजाच्या या कलेचं नाव कळलं. म्हणजे मान्यतेने फरक पडतो.

तिसरी घंटा (हौशी, राज्य नाट्य)

ताई, पण ते उदाहरण पायपेटीवाल्यांच्याच बाजूचं आहे. गंगावणेंना कुणी एका प्रयोगाचे गुण मांडून पद्मश्री दिली नाही. अख्ख्या आयुष्याचं काम पाहिलं. मानधनासाठी कागद हवा हे शंभर टक्के मान्य, तो मंडळांच्या नोंदी नीट ठेवून मिळू शकतो. त्यासाठी दशावताराला प्रकाशयोजनेच्या तक्त्यात बसवायला नको.

आता मूळ मुद्द्यावर. परीक्षक कोकणात येत नाहीत हे धाग्यात सगळ्यांनी गृहीतच धरलंय. राज्य हौशी नाट्य स्पर्धेने साठी ओलांडली. रत्नागिरी केंद्रावर प्राथमिक फेरीला परीक्षक मुक्काम करून रोज एक नाटक पाहतात. निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं, सगळं इथे बसून ठरतं. संगीत नाटकातही खल्वायनसारखी रत्नागिरीची संस्था नांदीपासून भरतवाक्यापर्यंत जिवंत साथीवर उभी राहते. आपल्याकडे परीक्षक आहेत, पदकं आहेत.

नाही काय, तर दुसरा प्रयोग. दिवाळीआधीपासून तालमी. बँकेतला, शाळेतला, बंदरावरचा माणूस संध्याकाळी हजर होतो. पात्रं गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो, त्यातही बाईचं पात्र मिळालं तर नशीब. स्वतःच्या खिशातून सेट उभा होतो. स्पर्धेच्या संध्याकाळी एक प्रयोग होतो, आणि नंबर आला नाही तर ते नाटक तिथेच संपतं. सेटच्या फळ्या कुणाच्या तरी पडवीत जातात. इथे लिहिलेल्या, इथल्या माणसांच्या नाटकाचे पाच प्रयोग होत नाहीत आणि आपण मुंबईच्या नाटकाचा विसावा प्रयोग इथे व्हावा म्हणून भांडतोय! मला याचं खरंच वाईट वाटतं.

सड्यावरचा प्रेक्षक, रत्नागिरी

वाईट वाटायचं कारण नाही, कारण तुमचा दुसरा प्रयोग आणि माझी नामांकनं एकाच दोरीने बांधलेली आहेत. स्थानिक मंडळ नाटक विकत घेताना काय पाहतं? जाहिरातीत नटाच्या फोटोखाली छापलेलं असतं, अमुक पुरस्कारांत इतकी नामांकनं. त्या ओळीवर प्रयोग विकले जातात. व्यवस्थापक, खोटं असेल तर सांगा. ती ओळ तुमच्या नाटकाखाली कधी छापली जाणारच नाही, कारण जे पाहायला कुणी येत नाही त्याचा विचार कुणी करत नाही.

दौरा व्यवस्थापक

खोटं नाही. नामांकनांनंतर फोन वाढतात, विशेषतः मे महिन्याच्या दौऱ्यासाठी. पण फोन करणारा आधी विचारतो, नट तेच आहेत ना? नामांकन दुसरं.

पडदा, कणकवली

‘नट कोण’ हा प्रश्न सगळीकडे पहिला नसतो. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानने किती वर्षं नेटाने प्रायोगिक नाटकं आणली! मालिकेतला ओळखीचा चेहरा नसलेली, कधी नेपथ्यात दोन खुर्च्या असलेली. कुडाळला बाबा वर्दम थिएटरने स्पर्धा चालवल्या. हा प्रेक्षक कुणी वरून आणून दिला नाही, वर्षानुवर्षं दारोदार सभासद करून घडवला. नाटक पडलं तर पडलं म्हणणारा, आवडलं तर रंगपटात जाऊन बोलणारा. ‘कोकणात नवीन नाटकाची जोखीम कोण घेणार’ असं म्हणण्याआधी या माणसांकडे बघा. ती जोखीम इथे घेतली गेली आहे.

म्हणून सक्तीला माझा विरोध, पण शुभारंभाला नाही. निर्मात्यांनी मोठं व्यावसायिक नाटक इथे उघडू नये. दोन-तीन पात्रांचं, कमी सेटचं, नव्या लेखकाचं उघडावं. असं नाटक शहरात जाहिरातींच्या गर्दीत हरवतं. इथे त्याला पूर्ण लक्ष देऊन पाहणारे दोनशे लोक मिळतील आणि घडणीच्या काळात तेच हवं असतं.

चाकरमानी, परळ

शुभारंभ करायचाच तर शिमगा-गणपतीचे दिवस सोडा. आम्ही तेव्हा गावात असतो, पण पालखी आणि आरती टाकून नाट्यगृहात कुणी यायचं नाही. मेमध्ये या, घरं भरलेली असतात.

चिपळूणची नाट्यप्रेमी

मेमध्ये आलात तर परीक्षकांनाही सोयीचं आहे. नाट्य परिषदेचे पुरस्कार १४ जूनला, गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी होतात.

तिसरी घंटा, तुमच्या दुसऱ्या प्रयोगाबद्दल बोलायचंय. तुम्ही सगळा दोष व्यवस्थेवर ठेवताय. आम्ही प्रेक्षकही स्पर्धेला फुकट, नाहीतर नाममात्र तिकिटात बसतो, आणि तेच नाटक महिन्याभराने शंभर रुपयांत लागलं तर ‘पाहिलंय की’ म्हणतो. मुंबईच्या नाटकाला पाचशे मोजतो. २००५ मध्ये पाणी आलं, २०२१ मध्ये पुन्हा आलं, तरी चिपळूणने नाटक सोडलं नाही, याचा मला अभिमान आहे. पण गावच्या नाटकाचं तिकीट काढायला आम्ही शिकलो नाही. ते काम परीक्षक येऊन करणार नाहीत.

तिसरी घंटा (हौशी, राज्य नाट्य)

तिकिटाचं मान्य. फक्त एक बाजू राहिली: नाट्यगृहाचं भाडं. तिकीट शंभर ठेवलं नि दीडशे माणसं आली तर पंधरा हजार. त्यातून भाडं, ध्वनी, प्रकाश, रंगभूषाकार. व्यावसायिक नाटकाला आणि गावच्या हौशी संस्थेला एकच दर असेल तर दुसरा प्रयोग लावायचा म्हणजे वर्गणी काढायची. हौशी संस्थांना आठवड्याच्या मधल्या वारी कमी दर मिळावा, ही मागणी मला परीक्षकांच्या मागणीपेक्षा तातडीची वाटते. सड्यावरचे, तुम्ही ही तुमच्या मागणीत जोडाल का?

सड्यावरचा प्रेक्षक, रत्नागिरी

जोडतो, आणि पहिल्या ओळीत. पण परीक्षकांची मागणी सोडत नाही. दशावताराबाबत पायपेटी म्हणतील तसं. त्यांना नको तर नको.

पायपेटी, वेंगुर्ला

आमका परीक्षक नको असा मी म्हणाक नाय. येवंदेत. पण हॉलात नाय, जत्रेक येवंदेत, कार्तिकापासून पावसाआधी कधीय. आडदशावतारापासून दहीकाल्यापर्यंत बसाक होया, मधी उठाक नाय. एकच मंडळ तीन येगळ्या गावांत बघाक होया. इतक्या बघून कोणाच्या कामाबद्दल दोन शब्द लिवले तर आमी ते फ्रेम करून लावतलो. गुण मात्र नको.

दौरा व्यवस्थापक

तीन जत्रा आणि तीन रात्री? आमच्या नाटकांसाठी परीक्षक मध्यंतरानंतर थांबले तरी आम्ही आभार मानतो! तरी हे पटतंय. मी सक्तीच्या विरोधातच आहे, पण पडदा यांनी म्हटलेल्या छोट्या नाटकाचं बोलू. दोन पात्रं, एका गाडीत मावेल एवढा सेट, कणकवली-कुडाळ-मालवण सलग तीन प्रयोग, मेचा दुसरा आठवडा. कॉन्ट्रॅक्ट नको, तिकीटविक्रीत निम्मा-निम्मा वाटा. तिन्ही गावांतून कोणी पुढे येत असेल तर मी दोन निर्मात्यांशी बोलतो.

पडदा, कणकवली

कणकवलीचं मी बघतो. लेखक मात्र प्रयोगानंतर थांबला पाहिजे, आमचे लोक प्रश्न विचारतात.