ढासळत्या काळात विश्वासू राहणं: युवक गटासाठी अभ्यास कसा बसवावा?

ऐरोली_युवक
जय ख्रिस्त. आमच्या गटात बारा-चौदा जण आहेत, बहुतेक महापे-रबाळे पट्ट्यात नोकरीला. या विषयावर चार शनिवार अभ्यास घ्यायचाय. अडचण अशी की बायबलमधल्या २ तीमथ्य ३ मधली, शेवटच्या काळात माणसं कशी होतील याची यादी वाचली रे वाचली, की गाडी 'जग कुठे चाललंय' यावर जाते आणि परत येत नाही. मुलांसमोरचे पेच निराळेच: फुगवलेली बिलं, कामासाठी चहापाणी, ऑफिसातली पूजा. उतारे कोणते घ्यावेत, वेळ कसा वाटावा?

जुना_करार
यादी पाचव्या वचनापर्यंत वाचा. तिथे पौल म्हणतो, ही माणसं सुभक्तीचं बाहेरचं रूप सांभाळून आहेत. म्हणजे रोख मंडळीतल्या आपल्याच बाकांवर आहे! त्याला १ करिंथ ५:१२ जोडा: बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नव्हे. पहिला शनिवार पूर्ण इथेच द्या, नाहीतर चौथ्या शनिवारीही वेब सिरीजवरच बोलत बसाल.

दुसऱ्या शनिवारी दानीएल १ आणि ६, म्हणजे बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या यहुदी तरुणाची गोष्ट. फळ्यावर दोन रकाने आखा: स्वीकारलं, नाकारलं. बाबेलचं नाव, भाषा, शिक्षण, सरकारी चाकरी हे सगळं पहिल्यात जातं. दुसऱ्यात राजाचं अन्न आणि द्राक्षारस. नाकारण्याची रीत नीट दाखवा. आधी मनाशी ठरवलं (१:८), मग वरिष्ठाकडे परवानगी मागितली, मग दहा दिवसांची मुदत घालून पर्याय पुढे केला. आणि ६:४ सोडू नका: विरोधकांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, सापडली नाही. सिंहांची गुहा सगळ्यांना पाठ, हे वचन कुणाला आठवत नाही. मस्टरवर खोटी वेळ टाकणाऱ्याने गुहेपर्यंत जायची घाई करू नये.

वेळ दीड तास: २० मिनिटं वाचन, ४५ मिनिटं एकच प्रसंग, उरलेली प्रार्थना. दोन प्रसंग घेतलेत की दोन्ही अर्धवट राहतात.

तलावपाळी
तिसऱ्या शनिवारसाठी लूक ३:१२-१४. जकातदारांना बाप्तिस्मा करणारा योहान चाकरी सोडायला सांगत नाही; ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. पण आपली मुलं बहुधा देणाऱ्याच्या बाजूला असतात, तेव्हा कायदाही सांगा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत पोलिसांना कळवायचं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

दाखल्यांसारख्या कामांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. 'आपले सरकार' या पोर्टलवर किंवा खिडकीवर अर्ज करा, पोचपावती घ्या. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील. घोडं पेंड खातं ते पोचपावतीपाशी: ती नसेल तर मुदत मोजणार कुठून? शिवाय हा रस्ता हळू आहे. कागद दोन महिने आधी मागायची सवय लावा. बरीचशी लाच घाईपोटीच दिली जाते.

वाशीकर_७
पूजेबद्दल नियम छापून देऊ नका. २ राजे ५:१८-१९ मध्ये अरामी सेनापती नामान रिम्मोन दैवताच्या देवळात धन्याबरोबर वाकावं लागेल म्हणून क्षमा मागतो, आणि संदेष्टा अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. प्रसादाला मात्र १ करिंथ १०:२७-२८ लागू. समोर आलेलं न विचारता खा. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. ऑफिसात तर ते सांगूनच देतात. माझ्या मते हजर राहावं, आरती हातात घेऊ नये, आणि हे साहेबांशी दोन दिवस आधी बोलून ठेवावं. ऐन वेळी ताट पुढे आल्यावर दिलेला नकार अपमान वाटतो.

जुना_करार
@वाशीकर_७, नामान त्या दिवशी नवा विश्वासी होता. जन्मापासून मंडळीत वाढलेल्याने त्याची सवलत मागणं मला पटत नाही. बाकी साहेबांशी आधी बोलणं एकदम बरोबर.

ऐरोली_युवक
मनापासून आभार. चौथ्या शनिवारी प्रत्येकाने आपली चूक गटापुढे मांडावी, असा विचार आहे. चालेल?

तलावपाळी
नको. शनिवारी बारा जणांत बोललेलं रविवारच्या उपासनेआधी अख्ख्या मंडळीला कळतं, आणि बिलाच्या प्रकरणात सहकाऱ्याचं नावही ओघाने येतं. याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्या म्हणतं, त्याला दोघं पुरतात. मुलगे मुलग्यांबरोबर, मुली मुलींबरोबर अशा जोड्या पहिल्याच शनिवारी लावा. पैसा खाल्ला असेल तर प्रार्थनेवर भागवू नका, लूक १९:८ उघडा. जकातदार जक्कय चौपट परत करायला उभा राहिला. कुणाचे, किती, कोणत्या तारखेपर्यंत, हे जोडीदारासमोर कागदावर लिहायला लावा.