स्कूबा डायव्हिंग: पूलमध्ये ठीक, समुद्रात शेवटी वर ढकललं जातं. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) बदलू का?

पाषाणकर: पुण्यात पूलमध्ये बुडायला ४ किलो शिशाचं वजन पुरायचं. अंदमानात हॅवलॉकला तेवढंच लावलं. खाली सगळं छान, पण शेवटी वर येताना ५ मीटर खोलीवरच्या थांब्यावर बीसीडी रिकामं करूनही वर जात होतो. इन्स्ट्रक्टर म्हणे, श्वास सोड. अजून किती सोडू? स्वतःचं बीसीडी घ्यावं का?

खारीहवा: पैसे जपून ठेवा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणजे सामानासकट १०० किलो असाल तर अडीचेक किलो वजन जास्त हवं. त्यात ११ लिटरची अ‍ॅल्युमिनियम टाकी हवा संपेल तशी दोनेक किलोनं हलकी होते. म्हणून सुरुवातीला कळत नाही, शेवटी कळतं. वजन तपासायचं तेही शेवटीच, पाण्याच्या पृष्ठभागावर: टाकीत ५० बार दाब, बीसीडी रिकामं, नेहमीसारखा श्वास धरून ताठ राहा, पाय मारू नका. पाणी डोळ्यांशी आलं, श्वास सोडल्यावर हळूच बुडालात, की झालं.

मालवणी: पण घाबरून भाराभर शिसं लावू नका हां. मग बीसीडीत हवा भरत बसाल, आणि १० मीटरवरची हवा वर येईतो दुप्पट फुगते. भाड्याच्या बीसीडीचं हवा भरायचं इन्फ्लेटर बटण बोटीवरच दाबून बघा. ते अडकून हवा आत भरतच राहिली तर त्याची हवेची नळी काढता यायला हवी, आणि तीही न बघता.

पाषाणकर: नळीचं कोणी शिकवलंच नव्हतं! कोरड्यावर सराव करतो.