एजंटला ‘पाठवा’ बटण द्यावं का?

हिशेबाची वही (धागाकर्ता)

पुरवठादारांची बिलं आमच्याकडे ईमेलनं येतात. एजंट, म्हणजे एआय मॉडेलच्या जोरावर कामं आपणहून करणारा प्रोग्राम, मेल उघडतो, पीडीएफमधून बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम काढतो, शीटमध्ये ओळ भरतो आणि पोच पाठवतो. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका बिलावर तारीख आली ०३/०४. बिल ३ एप्रिलचं होतं, एजंटनं ते ४ मार्चचं धरलं. त्याच्या हिशेबानं बिल थकीत झालं आणि त्यानं उशिराबद्दल दिलगिरीचं पत्र आपणहून धाडलं. उशीर झालाच नव्हता, पण आमच्याच पत्त्यावरून तो कबूल केला गेला. ते पत्र परत घेता येत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: एजंटनं मसुद्यापर्यंतच जावं, पाठवायचं काम माणसाचं. साधा गुणाकार करून बघा. प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर धरली, तरी दहा पायऱ्यांचं काम शेवटापर्यंत बिनचूक व्हायची शक्यता जेमतेम ६० टक्के उरते. वीस पायऱ्यांना ३६.

उलट बाजू

अजिबात पटलं नाही. दिवसाला चाळीस मसुदे समोर आले की माणूस पहिले पाच वाचतो, बाकीच्यांवर नुसतं क्लिक करत सुटतो. कागदोपत्री तपासणी झालेली असते, प्रत्यक्षात कुणी बघितलेलं नसतं.

तुमची चूक पाठवण्यात नव्हतीच. तारखेचा अर्थ लावायचं काम तुम्ही मॉडेलवर सोडलंत, चूक तिथे झाली. मॉडेलनं बिलावर जे छापलंय ते जसंच्या तसं उचलावं. दिवस आधी की महिना आधी, हे पुरवठादाराच्या नोंदीत एकदाच लिहून ठेवायचं आणि शीटमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं जायची. मूळ रक्कम अधिक कर बरोबर एकूण येते का? हा बिल क्रमांक आधी आलाय का? हे साध्या सूत्राचं काम आहे, त्याला मॉडेल लागत नाही. तुमचा गुणाकारही मधे कुठेच तपासणी नाही असं धरून केलेला आहे. पायरीगणिक तपासणी बसवली तर चूक जिथल्या तिथे अडते.

हिशेबाची वही

पण आपल्याला आधी सुचलेली चूकच सूत्र पकडतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविड रुग्ण आकडेवारीतून गळले, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. ही तपासणी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

उलट बाजू

तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे एजंट नव्हता, माणसंच होती. ‘आत किती ओळी आल्या, बाहेर किती गेल्या’ एवढं मोजणारा एक नियम पुरला असता.

चावीचा जुडगा

तुम्ही दोघंही पाठवण्यावरच अडलात, धोका तर वाचण्यातही आहे. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट या एआय मदतनिसातली ‘एकोलीक’ नावाची त्रुटी जाहीर झाली. बाहेरून आलेल्या मेलमध्ये दडवलेल्या सूचनांमुळे आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती, तीही कुणी एकदाही क्लिक न करता. कंपनीनं ती दुरुस्त केली. पण मुळातली अडचण कायम आहे: मॉडेलला मजकूर आणि हुकूम यांतला फरक खात्रीनं कळत नाही. तुमची मंजुरीची पायरी यायच्या आतच सगळं घडून गेलेलं असेल. म्हणून काम दोन एजंटांत वाटा. बाहेरचे मेल वाचणाऱ्याला पाठवायचा अधिकार नको आणि आतल्या फाइलीही दिसायला नकोत. त्यानं फक्त ठरलेले रकाने भरावेत, पुढचं काम दुसऱ्यानं त्या रकान्यांवरून करावं.

आणखी एक, याकडे फार जण काणाडोळा करतात. एखादी पायरी वेळेत उत्तर देत नाही, वर्कफ्लो (या पायऱ्या ओळीनं चालवणारी यंत्रणा) ती पुन्हा चालवतो, आणि तोच मेल दोनदा जातो. प्रत्येक मेलला स्वतःचा ओळख क्रमांक असतोच. तो शीटमध्ये नोंदवा, आणि पाठवण्याआधी या क्रमांकाला उत्तर गेलंय का ते बघा.

हिशेबाची वही

वाचणारा आणि पाठवणारा वेगळा, हे लगेच करतो. दोन्ही कामं एकाच खात्यावर चालू होती, हे लिहितानाही जिवाला लागतंय. पोचही आता ठरलेल्या साच्यातून जाईल, मॉडेलचा त्यात एक शब्द नसेल, त्यामुळे तिला मंजुरी नको. पण दिलगिरी, मुदतवाढ, रकमेवरचा वाद ही पत्रं मसुद्यांतच थांबतील. तिथून मी हटणार नाही.

उलट बाजू

एवढ्यापुरतं मान्य. मग मसुद्यात रोज किती पत्रं थांबतात आणि त्यांतल्या कितींत तुम्ही खरोखर शब्द बदलता, ते महिनाभर लिहून ठेवा आणि इथेच टाका. एकातही बदल झाला नसेल, तर मी पुन्हा हाच वाद घालायला येईन.