२२ वर्षं बंद असलेलं इंजिन: हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उघडता आतली अवस्था कशी ओळखायची?

जुनं_लोखंड:
चार सिलिंडरचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन २२ वर्षं बंद आहे. क्रँक हलत नाही. डिपस्टिकवर ऑइल दिसतं, रेडिएटर कोरडा आहे. बॅटरी लावून सेल्फ मारला तर सुटेल का?

टॅपेट_कव्हर:
सेल्फ अजिबात मारू नका! बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेली पिस्टनची रिंग अशा झटक्याने तुटते, आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये जाम असेल तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर पोचवणारी दांडी) वाकतो.

चारही स्पार्क प्लग काढून भोकातून एंडोस्कोप कॅमेरा आत सोडा. इंजिन जिथे थांबलं, तिथे कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. ओल तिथून शिरते, म्हणून बरेचदा एकच सिलिंडर जास्त गंजलेला सापडतो. पुसट तांबूस डाग चालतील. खड्डे किंवा गंजाचे पापुद्रे दिसले तर फिरवायच्या भानगडीत पडू नका, हेड उतरवा.

बोअर बरे असतील तर प्रत्येकात १५-२० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं ओता (आगीपासून लांब), आठवडाभर मुरू द्या. तोवर चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट हळूच ढिला करा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे असलंच तर ऑइलच्या आधी तेच येईल. आलं तर चेंबर उतरवून बेअरिंग बघा.

फीलर_गेज:
फिरवताना प्लग बाहेरच ठेवा, भोकांवर फडकं टाका. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच रेटा. उलट जोर दिला तर नटच सुटतो. टॅपेट कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह खाली दबतात का, परत वर येऊन बसतात का हे डोळ्यांनी बघा. नंतर ताजं ऑइल घालून, प्लग न लावता, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत सेल्फने थोडं थोडं फिरवा. मगच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा: थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येकी ५-६ फेरे.

जुनं_लोखंड:
सुटलं! कॉम्प्रेशन ११०, १०५, ६०, १०८ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घातल्यावर ६२.

फीलर_गेज:
तीन सिलिंडर छान आहेत. जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला एवढं पुरतं. रिंगा गळत असत्या तर ऑइलने आकडा चांगलाच चढला असता. शेजारचे दोन्ही ठीक आहेत, म्हणजे हेडखालचं गॅस्केट गळत असल्याचीही शक्यता कमी. राहिला व्हॉल्व्ह. आधी तिसऱ्याचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट) मोजा, गॅपच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. गॅप बरोबर असेल तर तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) आणा, गिअर टाकून चाकांना दगड लावा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट.

टॅपेट_कव्हर:
फक्त सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेवर) गंज असेल तर अर्धा तास चालवल्यावर आकडा वर येऊ शकतो. पण त्याआधी रेडिएटर भरून वेल्च प्लग (इंजिन ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) गळतात का बघा, आणि टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा चिकट थर व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसला की मोकळा झालेला व्हॉल्व्ह पुन्हा जाम होतो.

जुनं_लोखंड:
तिसऱ्याच्या एक्झॉस्टला गॅप शून्य निघाला. सेट करून पुन्हा मोजलं: ९८.