बाबांच्या बीपीच्या गोळ्या वाढत चालल्यात, मदत हवी आहे

वाशिष्ठी:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट कळायचं नाही.

बाबा ७३ वर्षांचे. आईबरोबर चिपळूणजवळ गावी असतात, मी ठाण्यात. बीपी जुनंच आहे. गावच्या डॉक्टरांची सकाळी एक गोळी, त्यावर वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललं होतं. दिवाळीत माझ्याकडे आले तेव्हा बीपी १६४/९६ निघालं, म्हणून इथल्या फिजिशियनना दाखवलं. त्यांनी रात्रीची नवी गोळी सुरू केली. गावी परतल्यावर घोट्यांपाशी पाय सुजायला लागले. मग गावच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी कमी करायची गोळी दिली. मध्येच गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तिथून दुखण्याची गोळी आली. आता काही दिवस अंथरुणातून उठताना गरगरतं, तर चकरेची गोळी. डॉक्टर तीन, चिठ्ठ्या वेगवेगळ्या, आणि बाबा एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवत नाहीत. "मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळतं" हे ठरलेलं उत्तर.

काल व्हिडिओ कॉलवर आईला एकेक पाकीट कॅमेऱ्यापुढे धरायला लावलं. चमकीवरची बारीक अक्षरं काही दिसेनात, शेवटी शेजारच्या मुलाने वाचून दाखवली.

सकाळी: अ‍ॅम्लोडिपिन ५, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ (पाण्याची), एसिक्लोफेनॅक १०० (दुखण्याची), बीटाहिस्टीन (चकरेची). आकडे मिलीग्रॅमचे.
रात्री: टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५ (बीपीची एकच गोळी), पुन्हा एसिक्लोफेनॅक १००.

घरच्या मशीनवर बीपी ११५ च्या आसपास येतं. काका म्हणतात, इतकं कमी असेल त्या दिवशी बीपीची गोळी द्यायचीच नाही. खरंच असं करतात का? आणि हे गरगरणं बीपीचं, मानेचं की गोळ्यांचं? पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

गोळीबंद:
मेडिकल दुकानात आयुष्य गेलं आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा.

तुमची यादी परत वाचा. अ‍ॅम्लोडिपिन सकाळी ५ आणि रात्रीच्या गोळीत आणखी ५. पाकिटांवरची नावं वेगळी, आत औषध तेच. म्हणजे दिवसाला १०, जी या औषधाची नेहमीची कमाल मात्रा. ठाण्याच्या फिजिशियननी बहुधा जुनी बंद करून नवी सुरू करा अशाच हिशोबाने लिहिलं असणार. काउंटरवर हा प्रकार फार बघितलाय. जुनं पाकीट घरात शिल्लक असतं, टाकवत नाही, मग दोन्ही चालू राहतात.

अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजणं हा तिचा ओळखीचा त्रास आहे आणि मात्रा वाढली की तो वाढतो. ती सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नसते. बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातून पाणी घोट्यापाशी झिरपतं. म्हणून पाणी काढायच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी आली, दुसरीने गरगरायला लागलं असेल तर त्यावर तिसरी. (पाय सुजायला हृदय, किडनी, शिरा अशी दुसरी कारणंही असतात. ते डॉक्टरांनीच बघायचं.)

पण मला जास्त काळजी वाटते ती गुडघ्याच्या गोळीची. टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि एसिक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक, या तिघी एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो. त्यात वय ७३. जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की आणखी धोका. शिवाय या जातीच्या वेदनाशामकांनी बीपीही चढतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याच घरातल्या. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर भागतं का ते बघा. तेही साधी गोळी, पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

फोनवर सगळी यादी वाचून दाखवा आणि सरळ विचारा: अ‍ॅम्लोडिपिन दोनदा जातेय, कुठली थांबवू? क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम, पोटॅशियम तपासायचं का? स्वतःच्या मनाने सगळ्या गोळ्या बंद करू नका.

जास्वंद:
गोळीबंद यांनी नेमकं सांगितलंय. काकांच्या प्रश्नाबद्दल लिहिते. ११५ हे गोळी चालू आहे म्हणून ११५ आहे. रोज आकडा बघून आज द्यायची, उद्या नाही, असं केलं की बीपी वरखाली होत राहतं. मात्र गरगरत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, ती वेगळी गोष्ट.

काही गोळ्या तर एकदम सोडायच्याच नसतात. माझ्या सासूबाईंना मेटोप्रोलोल आहे. लग्नाच्या धावपळीत पाकीट घरीच राहिलं आणि तिसऱ्या दिवशी छातीत इतकी धडधड झाली की हॉस्पिटल गाठावं लागलं. मेटोप्रोलोल, अ‍टेनोलोल आणि क्लोनिडिन हळूहळूच कमी करतात. तुमच्या यादीत यातली नाही, पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं.

आणि नुसतं बसून नको, उभं करूनही बीपी बघा. आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन आलेले. मोजताना आईंनी गप्पा मारायच्या नाहीत (हे सगळ्यात अवघड). एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. उभं करताना कुणीतरी शेजारी हवंच, आणि गरगरलं तर लगेच बसवा.

माळरान:
एवढ्या इंग्रजी गोळ्या कशाला? आमच्याकडे सर्पगंधा घेतात, नैसर्गिक आहे, त्रास नाही. सोबत ज्येष्ठमधाचा काढा.

गोळीबंद:
माळरान, सर्पगंधा बीपी उतरवते हे खरंच आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेझरपीन हे औषध वेगळं काढलं. म्हणजे ती पक्कं औषध आहे, आणि पक्क्या औषधाला पक्के त्रास असतात: मन खचणं, नाडी मंदावणं, बीपी जास्त उतरणं. बाबांना आधीच गरगरतंय, त्यात ही नकोच. ज्येष्ठमध तर उलट काम करतो. रोज घेतला तर बीपी चढवतो आणि पोटॅशियम उतरवतो.

मिठाचंही आत्ताच सांगून टाकतो. सैंधव म्हणजेसुद्धा सोडियमच, साध्या मिठाऐवजी ते घेतलं म्हणून बीपीला काही फायदा होत नाही. 'कमी सोडियम'वालं जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवते, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ते घरात आणू नका.

वाशिष्ठी:
खूप खूप आभार. दुपारी जास्वंद यांनी सांगितलं तसं मोजायला लावलं. बसून ११८/७०, उभं राहून एका मिनिटाने ९२/५८. आई घाबरलीच. लगेच इथल्या फिजिशियनना फोन लावला आणि यादी वाचली. ते म्हणाले, सकाळची वेगळी अ‍ॅम्लोडिपिन बंदच करायची होती. ती, पाण्याची गोळी आणि एसिक्लोफेनॅक आजपासून थांबवा, रात्रीची चालू ठेवा, उद्या रक्त तपासा. गावच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलले, हे मला फार बरं वाटलं.

सह्यकडा:
चांगलं झालं. तोवर रात्री लघवीला उठताना काळजी घ्या. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, मग धरून उभं राहायचं. दिवा लावलेला. या वयात पडून खुबा मोडला तर बीपी परवडलं म्हणायची वेळ येते. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा लघवी अगदीच कमी झाली तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ बोलवा.

वाशिष्ठी:
रिपोर्ट आला. सोडियम १२८ (१३५ च्या वर हवं), क्रिएटिनिन १.५, पोटॅशियम ठीक. डॉक्टर म्हणाले, सोडियम बहुतेक त्या पाण्याच्या गोळीने उतरलंय, या वयात असं होतं. किडनी आठवड्याने पुन्हा बघायची. उद्याच निघतेय. काका आता म्हणतात, सोडियम कमी आहे तर मिठाचं पाणी पाजा!

गोळीबंद:
पाजू नका. मीठ आणि पाणी दोन्ही किती, ते डॉक्टरांनाच विचारा. बाबा झोपाळल्यासारखे वाटले किंवा असंबद्ध बोलायला लागले तर मात्र थेट हॉस्पिटल.

जास्वंद:
जाताय तर गोळ्यांच्या डब्याचं काम करून या. बंद केलेली सगळी पाकिटं घरातून बाहेर काढा, "असू दे, लागेल" म्हणून ठेवू नका. एका कागदावर औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कुणी दिलं, असं लिहून बीपीच्या वहीत चिकटवा. पाकिटावरचं कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं. दुकानदार दर वेळी वेगळ्या कंपनीची देतो, जनऔषधी केंद्रातून घेतली तर आणखी तिसरीच दिसते. मूळ नाव आणि मात्रा जुळली की झालं.

वाशिष्ठी:
वारांचे कप्पे असलेला डबा घेतलाय. त्यात महिन्याच्या भरून ठेवू का? आणि एखादी विसरली तर?

गोळीबंद:
टेल्मिसार्टन दमट हवा धरते, आणि कोकणातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू. ती पाकिटातच राहू द्या. कात्रीने एकेक गोळी चमकीसकट कापून कप्प्यात टाका, आणि एका वेळी आठवड्याच्याच.

विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची, पण दोन एकदम कधीच नाही. सकाळी की रात्री यावर फार डोकं लावू नका. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक दिसला नाही. विसरणार नाहीत ती वेळ धरा. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी रात्रीची सांगितलीय, तर तीच.

सर्दीची गोळी मागायला दुकानात जातील तेव्हा "मला बीपी आहे" हे वाक्य पाठ करून घ्या. नाक मोकळं करणाऱ्या फेनिलेफ्रिनवाल्या गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि त्या न विचारता मिळतात.

वाशिष्ठी:
गावाहून लिहितेय. सूज बरीच ओसरली. उभं राहून बीपी १२०/७२, गरगरणं जवळजवळ थांबलं. चकरेची गोळीही डॉक्टरांनी बंद केली. सोडियम १३४, क्रिएटिनिन १.२. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम दिलाय, बाबा व्यायाम सोडून बाकी सगळं करतात. कपाटात जुन्या पाकिटांची एक अख्खी पिशवी निघाली. ती कचऱ्यात टाकू की मेडिकलवाला परत घेतो?

गोळीबंद:
वापरलेल्या पाकिटांचे पैसे मिळणार नाहीत, पण नष्ट करायला घेता का असं दुकानात विचारा. नाहीच घेतलं तर गोळ्या काढून चहाच्या चोथ्यात किंवा राखेत मिसळा, बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका. संडासात किंवा वाशिष्ठी नदीत नको. रिकाम्या चमकीवरचं नाव फाडून टाका, नाहीतर बाबा तीच घेऊन पुन्हा दुकानात जातील.