ड्रॉप सी मधल्या गिटारी मिक्समध्ये चिखल होताहेत

नांदेड_रिफ
मेटलकोर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण) बँड, ८ गाण्यांचा मराठी अल्बम, रेकॉर्डिंग घरीच. ड्रॉप सी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार ई ऐवजी खालच्या सी वर), साडेपंचवीस इंची स्केलची गिटार, १०-४६ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). प्रत्येक रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) चारदा वाजवून दोन डावीकडे, दोन उजवीकडे. अँप सिम्युलेटर (अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर. एकटी गिटार दणदणीत वाटते, ड्रम-बेस आले की ब्रेकडाउनचा (गाण्यातला संथ, जड भाग) चिखल. वर गुणगुण आहे, ती तारांना हात लावला की कमी होते. स्क्रीममधले शब्दही कळत नाहीत. मिक्सिंगला देण्याआधी काय काय दुरुस्त करावं?

काळी_माती
आधी तारा. ४६ ची तार ई वर असताना ताण साधारण ८ किलो असतो, सी वर उतरवली की ५ च उरतो. इतक्या ढिल्या तारेवर जोरात पिक मारला की सूर आधी वर चढतो, मग जागेवर येतो. चार टेकमध्ये तो चार तऱ्हांनी चढतो. तुमचा बराचसा चिखल तिथलाच आहे, मिक्समध्ये तो निघत नाही. ५६ ची तार घाला, ताण पुन्हा सातच्या पुढे जातो. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच रुंद करावी लागेल, ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशनही (प्रत्येक पट्टीवर सूर बरोबर लागणं) पुन्हा बसवा. सूर लावताना तार हळू छेडू नका, गाण्यात मारता तितक्याच जोरात मारा, आणि हे प्रत्येक टेकआधी.

गेनही (डिस्टॉर्शनची पातळी) उतरवा. एका टेकला पुरेसं वाटणारं गेन चार थरांत जास्तच होतं, पाम म्यूटची (तळहाताने तार दाबून वाजवणं) धार जाते. इफेक्ट नसलेली कोरी डीआय (गिटारचा थेट सिग्नल) वेगळ्या ट्रॅकवर ठेवा: २४ बिट, पीक उणे १० डीबीच्या आसपास.

अर्थिंग_बघा
गुणगुण हात लावल्यावर कमी होते म्हणजे गिटारचं शिल्डिंग (आतलं विद्युत आवरण) कच्चं आहे किंवा घराचं अर्थिंग. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. खड्ड्यात पाणी सोडा आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका, जिवावर बेतेल. तोवर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारं यंत्र) यूएसबीवरच. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेक घेऊ नका, त्याची भुणभुण डीआयमध्ये उतरते.

बेस_आधी
बेसचे दोन ट्रॅक करा. २०० हर्ट्झखालचा स्वच्छ आणि कॉम्प्रेस केलेला (आवाजाचे चढउतार आवळलेला), वरचा डिस्टॉर्शनवाला. दोन्हींची फेज (लहरींची चढउताराची वेळ) जुळवा, नाहीतर तळच गायब होईल. गिटारी ८०-१०० हर्ट्झखाली कापा. पाम म्यूटचा फुगा बहुतेक वेळा १०० ते २५० च्या मध्ये येतो, तेवढ्याच पट्ट्यावर मल्टीबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्ट्यांना वेगवेगळं आवळणारा) लावा. बहुतेक लोक मोबाइलवर ऐकणार आहेत, तिथे बेस फक्त त्याच्या खरखरीमुळे कळतो. आवाज चढवण्याच्या नादात मास्टर (अंतिम स्टिरिओ फाइल) चिरडू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या सरासरी पातळीचं एकक) आसपास आणतं, चिरडलेला मास्टर तिथे बाकीच्यांपेक्षा लहान वाटतो.

घसा_जपा
शब्दांचं उत्तर मिक्समध्ये शोधू नका, चालीत शोधा. स्क्रीममध्ये 'आ' उघडा येतो, 'इ' आणि 'उ' दबतात, शेवटचा 'ळ' तर विरूनच जातो. 'दुष्काळ' घ्या: ठोका 'दु'वर ठेवला तर फक्त घरघर उरते. 'दुष्' ठोक्याआधी घ्या, 'का' स्नेअरवर पाडा, 'ळ'नंतर गिटारी पाव मात्रा थांबवा. शब्द स्वच्छ ऐकू येतो.